दोष शोधण्याआधी दुःख



जंगलात नियम पाळले तर जीव जात नाही, तेव्हा शोकसभांपेक्षा प्रशिक्षण घ्या, असा सल्ला देणारे पत्र गेल्या अंकात वाचले. ते मला पटले नाही.

२० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्याच्या कोलारा परिक्षेत्रात वनरक्षक स्वाती ढुमणे तीन मदतनीसांसह व्याघ्रगणनेसाठी खुणा शोधत पायी निघाल्या होत्या. पुढे वाटेवर वाघीण दिसली. त्या थांबल्या, सुमारे अर्धा तास थांबल्या. ती हलेना, म्हणून झाडोऱ्यातून वळसा घेतला. तिथे वाघिणीने त्यांना गाठले. यात बेपर्वाई कुठे दिसते? पत्रलेखकांनी एकदा तरी पहाटे बांबूच्या रांजीतून पायी चालून पाहावे.

मूल परिसरात मी वनखात्याची नोकरी केली. सहकारी गेला की आम्हाला आधी वाटते, त्या बीटावर आज मी असतो तर? मग विचारतो, त्याला पाठवणाऱ्यांनी काय विचार केला होता? ढुमणे यांच्या मृत्यूनंतर ताडोब्यातली पायी पाहणी थांबवली गेली. शोक आणि सुरक्षा वेगळ्या काढताच येत नाहीत.

माझी खंत वेगळी आहे. आमचा शोक बहुधा खाकीपाशीच थांबतो. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. त्यांचेही पोट याच जंगलावर होते. ११ सप्टेंबरच्या वनशहीद दिनी त्यांच्यासाठीही आपण उभे राहावे, अशी माझी वनखात्याला विनंती आहे.

— एक निवृत्त वनपाल, मूल