‘सुसंस्कृत’ या विशेषणाआड

मराठीच्या प्राध्यापकाने राजकारणात जावे आणि पुढे मराठीच्याच प्राध्यापकांनी त्याचा विचार करणे टाळावे, असा योग आपल्या परिसरात जुळून आला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूरच्या कोणत्याही शिक्षककक्षात प्रा. राम कापसे यांचे नाव काढून पाहा. ‘फार सुसंस्कृत माणूस,’ असे कोणीतरी म्हणते, दोघेतिघे माना हलवतात आणि विषय संपतो. सप्टेंबर २०१५मध्ये ते गेले, तेव्हाही हेच विशेषण फिरत होते. माझी तक्रार या विशेषणाविषयी आहे. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते आळशी आहे. एखाद्या कवीला ‘संवेदनशील’ म्हणून बाजूला सारणारी समीक्षा जितकी आळशी, तितकेच.

कारकीर्द थोडक्यात अशी : भारतीय जनता पक्षाचे कल्याणचे आमदार, १९८९ आणि १९९१ अशा दोन निवडणुकांत ठाण्याचे खासदार, जानेवारी २००४पासून २००६पर्यंत अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल. या साऱ्यात ‘सुसंस्कृत’ने काय काय झाकले आहे ते पाहू.

कल्याण मतदारसंघ तेव्हा वेगळा नव्हता. तो २००९च्या निवडणुकीत प्रथम आला. उल्हासनगर आणि अंबरनाथ ठाण्यातच मोडत. म्हणजे ज्या मतदारांपुढे १९८९ आणि १९९१ साली हे प्राध्यापक उभे होते, त्यांच्यातल्याच उल्हासनगरकरांनी १९९० साली पप्पू कलानी यांना विधानसभेत पाठवले आणि १९९५ साली ते तुरुंगात असतानाही पुन्हा निवडून दिले. हे कसे घडते? आपण हा प्रश्न ‘राजकारण बिघडले’ या वाक्यात बुडवतो. प्राध्यापकी सौजन्याचे राजकारण आणि धाकाचे राजकारण ही एकामागून एक आलेली दोन युगे नव्हती, ती एकाच मतदारयादीत शेजारी नांदत होती. मग त्या सौजन्याने शेजारच्या धाकाशी लढा दिला, की त्याच्याकडे पाठ फिरवून आपले व्याख्यान चालू ठेवले? पुढे १९९६ साली जागावाटपात ठाणे शिवसेनेकडे गेले आणि प्रकाश परांजपे निवडून आले. दोनदा जिंकलेल्या खासदाराच्या पायाखालची जागा स्वपक्षाने मित्रपक्षाला देऊन टाकली. या प्रसंगाला ‘त्यांनी मोठ्या मनाने त्याग केला’ असे म्हणणे म्हणजे चरित्रलेखन नव्हे, कीर्तन आहे.

खरा मजकूर बेटांवर आहे. आपल्या मराठी मनात अंदमान म्हणजे सेल्युलर जेल आणि ‘माझी जन्मठेप’. २००४च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्री मणिशंकर अय्यर यांच्या आदेशाने तेथील स्वातंत्र्यज्योतीवरचा सावरकरांच्या वचनाचा फलक हटवला गेला, तेव्हा महाराष्ट्रात जोडे मारण्याची आंदोलने झाली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. त्या बेटांचा कारभार पाहणारा माणूस कल्याणचा मराठीचा प्राध्यापक आहे, आणि केंद्रात सत्ताबदल झाल्यावर जुलैत चार राज्यपाल हटवले गेले तरी तो मात्र पदावर राहिला आहे, ही केवढी नाट्यमय स्थिती! कादंबरीकाराने हेवा करावा अशी. पण आपण फलकापुरते अंदमानला गेलो आणि परत आलो.

त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरला जारवा आदिवासींविषयीचे नवे धोरण अधिसूचित झाले. त्यांच्या जगण्यात कमीत कमी ढवळाढवळ करावी, हे त्याचे सूत्र. मात्र सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २००२ रोजी जारवांच्या जंगलातून जाणारा जो रस्ता बंद करायला सांगितला होता, तो वाहतच राहिला. कागदावर अलिप्ततेचे धोरण आणि जंगलातून धावणाऱ्या बसगाड्या, या विसंगतीतला नायब राज्यपालांचा वाटा किती, हे तपासायला नको का? आणि धोरण निघून पाच दिवस होतात न होतात तोच, २६ डिसेंबरच्या सकाळी, त्सुनामी आली. कार निकोबारचा हवाई तळ उद्ध्वस्त झाला, इंदिरा पॉइंटची जमीन कित्येक फूट खचली, निकोबारी गावेच्या गावे गेली. बेटांना विधानसभा नाही, मंत्रिमंडळ नाही. लोकसभेत एकच खासदार. प्रशासनाचे शिखर राजनिवासात. त्यानंतर खांबांवरच्या, गवताने शाकारलेल्या घरांत एकत्र कुटुंबाने राहणाऱ्या निकोबारींच्या वाट्याला पत्र्याची तात्पुरती निवारे आली. दमट उन्हात तापणाऱ्या त्या पत्र्यांवर तेव्हाच पुष्कळ टीका झाली होती.

माझी एक एम.ए.ची विद्यार्थिनी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राहणारी, घरी सिंधी बोलणारी. तिला मी हे सांगितले, तर ती म्हणाली, “सर, म्हणजे बराकीच की! आजी सांगते तशा.” मी गप्प झालो. फाळणीनंतर लष्करी बराकींत उतरवलेल्या निर्वासितांचे हे शहर. १९४९ साली त्याला नाव मिळाले, पण आपण आजही पत्ता कॅम्पच्या आकड्यानेच सांगतो. तात्पुरता निवारा किती पिढ्या टिकतो, हे ज्याच्या मतदारसंघात उघड्यावर लिहिलेले होते, त्याच माणसापुढे निकोबारचे विस्थापित आले. उल्हासनगर त्याला तिथे आठवले असेल का? आठवून काही बदलले का? पत्रव्यवहार, संसदेतली भाषणे, सहकाऱ्यांच्या आठवणी घेऊन बसले तरच याचे उत्तर मिळेल.

‘हा विषय राज्यशास्त्राचा,’ असे आपले उत्तर ठरलेले आहे. मग धनंजय कीर आणि य. दि. फडके यांना आपण चरित्रवाङ्मयाच्या इतिहासात कशासाठी शिकवतो? ‘सिंहासन’मधला मुख्यमंत्री साहित्याच्या वर्गात चालतो, कारण तो अरुण साधूंनी रचला आहे, आपल्याच व्यवसायातून उठून सत्तेत गेलेला खरा माणूस मात्र चालत नाही. रचलेल्या सत्ताधाऱ्याला आपण खलत्वाची सूट देतो आणि खऱ्याला श्रद्धांजलीची. मधली जागा, जिथे माणूस निर्णय घेतो, चुकतो, टाळतो, ती आपल्या समीक्षेला परकी वाटते. गौरवग्रंथांनी ती जागा कधीच भरली नाही. तो त्यांचा धर्मच नव्हे.

त्या विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी कापसे यांच्या चरित्राचा विषय मांडला होता. समितीत एकाने विचारले, “यात वाङ्मयीन मूल्य कोणते?” दुसऱ्या सदस्य म्हणाल्या, “सरांबद्दल आदर आहे हो, पण वाद कशाला?” दोन्ही आक्षेप एकाच बैठकीत, दहा मिनिटांच्या आत आले. मी जे बोललो ते इतिवृत्तात नाही. शेवटी तिने ग्रामीण कवितेतील निसर्गप्रतिमा हा विषय घेतला. चांगले गुण मिळाले.