जरा आवाज करू का?

आमच्या बिल्डिंगशेजारच्या प्लॉटवर पायलिंग सुरू झालं, त्याला आता दोन महिने होतील. रात्री साडेअकरापर्यंत धाड... धाड... धाड. दहाच्या नियमाची आठवण आपल्याला फक्त नवरात्रात होते. डेडलाइन डोक्यावर, हेडफोन कानावर आणि कपातला चहा थरथरतोय. शेवटी वैतागून ठरवलं, बॉस, यावर स्टोरीच करायची! रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करणाऱ्या एका मित्राकडून डेसिबल मीटर उसनं आणलं आणि सेक्रेटरी काकांना म्हटलं, एक रात्र गच्चीवर ठेवते.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "अर्ज दे. कमिटीपुढे ठेवावा लागेल."

"काका, हे मशीन आवाज करत नाही हो. आवाज मोजतं."

"ते खरं गं. पण परवानगी लागेल ना!"

मागे धाड धाड चालूच होती. तिकडे कोणी अर्ज मागायला गेलं नव्हतं.

अर्ज टाइप करता करता मला वॉल्टर मंक आठवले. मास कॉमला असताना त्यांच्या प्रयोगावर असाइनमेंट केली होती. तेव्हा निव्वळ मार्कांसाठी, खरं सांगायचं तर. सगळा मामला नीट कळला तो आत्ता, गच्चीच्या निमित्ताने.

मंक म्हणजे सॅन डिएगोजवळच्या स्क्रिप्स इन्स्टिट्यूशनमधले समुद्रविज्ञानातले दादा माणूस. २०१९ मध्ये गेले, १०१ वर्षांचे होऊन. त्यांचा फंडा ऐकायला एकदम सोपा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर धावतो आणि पाणी जितकं कोमट तितका जास्त वेगाने. मग महासागराच्या एका टोकाला स्पीकर लावा, दुसऱ्या टोकाला कान. पोचायला लागणारा वेळ वर्षानुवर्षं मोजा. वेळ कमी होत गेला, तर समुद्र तापतोय! जानेवारी १९९१ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटाजवळ त्याची ट्रायल झाली. तिथला आवाज तीन-साडेतीन तासांनी थेट बर्म्युडाला ऐकू आला. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून. सॉलिड ना?

अडचण एकच. समुद्रात ऐकणारे आणखीही लोक होते.

अमेरिकेत १९७२ पासून सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यात 'टेक' असा एक शब्द आहे. टेक म्हणजे मारणं, पकडणं, आणि छळणंसुद्धा. १९९४ च्या दुरुस्तीत छळाच्या दोन पायऱ्या झाल्या. एक, इजा होण्याची शक्यता. दुसरी, प्राण्याच्या वागण्यात व्यत्यय येण्याची शक्यता. नीट वाचा, नुसती शक्यता. देवमासा तुमच्या आवाजाने दचकेल का, हे तपासायचं असेल, तर त्याला दचकवण्याचं परमिट आधी काढायचं. आणि परमिट देणारा ऑफिसर विचारणार, किती दचकेल? अहो साहेब, तेच तर बघायचंय!

हर्ड बेटाजवळ जीवशास्त्रज्ञांचं वेगळं जहाज बरोबर होतं. त्यांनी जे ऐकलं, म्हणजे जे ऐकलं नाही, ते मला सगळ्यात जास्त लागलं. स्पीकर सुरू होण्याआधी पायलट आणि स्पर्म देवमाशांचे आवाज जवळपास पाव वेळ कानावर येत होते. स्पीकर चालू असताना एकदाही नाही. बंद केल्यावर दोन दिवसांत स्पर्म पुन्हा बोलू लागले. ते निघून गेले होते की गप्प बसले होते, कोण सांगणार?

त्यामुळे मंक आणि मंडळींनी पुढचा मोठा प्रयोग आखला, तेव्हा डोक्याची मंडई झाली. 'अटॉक' असं त्याचं नाव. एक स्पीकर कॅलिफोर्नियाच्या समुद्रात, एक हवाईच्या काउआई बेटाच्या उत्तरेला. ७५ हर्ट्झचा घुमणारा सूर, एका वेळी वीस मिनिटं, १९५ डेसिबल. १९९४ मध्ये परमिटचा अर्ज जाहीर चर्चेला आला आणि हा १९५ चा आकडा वाचून लोक हबकले. जेट विमानापेक्षा मोठा आवाज! देवमासे बहिरे होणार! पत्रं, मोर्चे, सुनावण्या, कोर्ट. आता यात एक गोची आहे. पाण्यातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल वेगवेगळ्या शून्यापासून मोजतात. पाण्यातल्या आकड्यातून ६१-६२ वजा केले, की हवेतल्याशी ढोबळ तुलना होते. हाच घोळ मी असाइनमेंटमध्ये घातला होता. सरांनी लाल पेनाने लिहिलं होतं, 'शून्य कुठे आहे ते आधी बघ.' मार्कही शून्याच्या आसपासच दिले, असो.

शास्त्रज्ञांचं म्हणणं काय होतं? की मोठी तेलवाहू जहाजं याच खालच्या पट्टीत, याच्या जवळपास जाणारा आवाज दिवसरात्र करत फिरतात. त्यांना परमिट लागत नाही. त्याच जहाजाचा आवाज रेकॉर्ड करून देवमाशाला ऐकवायचा म्हटलं, की फायली सुरू. १९९४ मध्येच अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीनेही असंच सांगितलं, की या नियमांमुळे जी माहिती हवी तीच मिळेनाशी झालीय. आमच्या सेक्रेटरी काकांना हा रिपोर्ट फॉरवर्ड करावा काय?

पण विरोध करणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही. त्यांनी भांडून काय मिळवलं बघा. कॅलिफोर्नियातला स्पीकर मॉन्टेरे बेच्या अभयारण्यातून हलवून बाहेर पायोनियर सीमाउंटवर नेला गेला. पहिल्यांदा देवमाशांचा अभ्यास होणार, आणि स्पीकर चालू-बंद करायचं जीवशास्त्रज्ञ ठरवणार, असं ठरलं. मूळ अर्ज गुपचूप मंजूर झाला असता, तर हे झालं असतं? मला नाही वाटत. आणि १९९५ च्या शेवटी ठरलेल्या वेळेआधीच स्पीकरची चाचणी घेतली गेली, त्याच सुमारास तीन हंपबॅक मेलेले सापडले. स्पीकरशी संबंध आढळला नाही. पण न सांगता बटण दाबल्यावर तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार?

एवढं रामायण होऊन निष्पन्न काय झालं? काउआईजवळचे हंपबॅक स्पीकर चालू असताना श्वासाला वर येण्याआधी थोडं जास्त अंतर, थोडा जास्त वेळ पाण्याखाली राहत. बस्स. पळापळ नाही, बहिरेपण नाही. वर्षानुवर्षं ऐकून काय होतं, याचं उत्तर मात्र त्यातून मिळालं नाही. काउआईचा स्पीकर मध्ये खंड पडत २००६ पर्यंत चालला.

दरम्यान मार्च २००० मध्ये बहामात १७ प्राणी किनाऱ्याला लागले, बहुतेक चोचवाले देवमासे. अमेरिकन नौदलाच्या सोनारमुळे हे झालं असावं, हे पुढच्या वर्षी नौदलाने स्वतः सामील होऊन केलेल्या अहवालात मान्य केलं. त्यानंतर परमिटच्या फायलींना वेगळंच वजन आलं. २०१० पासून दक्षिण कॅलिफोर्नियात एक टीम रीतसर परमिट घेऊन निळ्या देवमाशांच्या पाठीवर रबरी चकतीने रेकॉर्डर चिकटवायची आणि सोनारसारखा आवाज ऐकवायची. खऱ्या सोनारपेक्षा कितीतरी हळू. सुरुवात बारीक, मग चढता. प्राणी फार जवळ आला तर बंद. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. खोल पाण्यात खात असलेले काही निळे देवमासे जेवण अर्ध्यावर टाकून निघून गेले.

जेवणाच्या ताटावरून उठणं. एक-दोन घास चुकले तर चालेल, पण रोजच उठावं लागलं तर? हे कळण्यासाठी काही देवमाशांना उठवावं लागलं, परमिट घेऊन. मला हा सौदा पटतो. बारा वर्षांपूर्वी मेस सोडून भाड्याच्या खोलीत राहायला आले, तेव्हापासून ताटावरून उठणं म्हणजे काय ते मला चांगलं कळतं.

एक प्रयोग मात्र कोणीच अर्ज न करता झाला. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर काही दिवस कॅनडाच्या बे ऑफ फंडीत जहाजं कमी झाली. पाण्यातला आवाज सहा डेसिबलने उतरला. तिथे राइट व्हेलची विष्ठा गोळा करणारी टीम आधीपासून कामाला होतीच. २०१२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की त्या दिवसांत देवमाशांच्या शरीरातली ताणाची हार्मोन्स उतरली होती. म्हणजे आधी ती चढलेली होती, हे उतरल्यावर कळलं.

परवा कमिटीचं पत्र आलं. लेटरहेड, शिक्का, सगळं. 'एक रात्र, गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात, इतर सभासदांना त्रास न होता.' मी मीटर घेऊन वर गेले. खाली प्लॉटवर वॉचमन एकटाच बसला होता. पायलिंग सोमवारीच संपलं म्हणे.

तरी मीटर लावलंय. रात्री दोन वाजताचा आकडा बघून मी झोपले, सकाळी आठपर्यंत.