रॅम किती, याआधी रॅम कोणती?



मुलांसाठी संगणक घ्यायचा म्हटलं की आपल्या उपनगरांतून अजूनही बरेच जण लॅमिंग्टन रोड गाठतात. बोरिवली-अंधेरीकर थेट ग्रँट रोडला उतरतात, मुलुंड-घाटकोपरकर दादरला गाडी बदलतात. दुकानात प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो, "रॅम किती जीबी?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न हवा, "कोणती रॅम, आणि पुढे वाढवता येईल का?"

कारण साधं आहे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. प्रत्येक पिढीत स्टिकवरची खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं. एएमडीचे एएम५ बोर्ड फक्त डीडीआर५ घेतात. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरना डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालतात, पण बोर्ड सहसा एकाच प्रकारचा असतो. म्हणून आज थोडे पैसे वाचवून डीडीआर४ घेतली, तर पुढे बोर्ड बदलताना ती बाजूला ठेवावी लागण्याची शक्यता जास्त.

दुसरं म्हणजे स्लॉट मोजा. दोनच स्लॉट असतील तर ४-४ जीबीच्या दोन स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीची एक घ्या. दोन स्टिकने वेग थोडा वाढतो, हे खरं. पण घर चालवून शिकवणाऱ्या पालकाला रिकामा स्लॉट जास्त कामाचा. पुढच्या वर्षी दुसरी ८ जीबीची घातली की झालं, आधीची फुकट जात नाही. लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच जोडलेली असेल तर ती वाढतच नाही. तिथे सुरुवातीलाच १६ जीबी घ्या.

आता शाळेच्या संगणक कक्षाचं बघू. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, पण प्रोसेसरही साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा लागतो. त्यामुळे डीडीआर३ च्या जुन्या संगणकांत विंडोज ११ साठी रॅम भरणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यावर हलकं लिनक्स टाका, मुलांचं टायपिंग आणि स्क्रॅच छान चालतं.

शेवटी एक विनंती. कोटेशनवर नुसतं "८ जीबी रॅम" लिहून घेऊ नका. प्रकार, वेग, किती स्टिक आणि किती स्लॉट रिकामे, हे चारही लिहून घ्या. विचारायला पैसे पडत नाहीत, न विचारल्याचे मात्र पडतात.