किल्ली कोणाकडे?

पावती ग्राहकाच्या नावाची, पण वस्तूवर हुकमत विक्रेत्याची, हा स्मार्टफोनच्या बाजारपेठेतील मूलभूत अंतर्विरोध आहे. ॲपलने २००७ साली आयफोन आणला आणि २००८ साली आपले ॲप स्टोअर उघडले. फोनवर कोणते ॲप चालावे हे कंपनीने ठरवायचे आणि तेथे विकल्या जाणाऱ्या ॲपच्या किमतीतील ३० टक्के वाटा तिनेच घ्यायचा, अशी ती व्यवस्था होती. पुढे लहान व्यावसायिकांसाठी हा वाटा १५ टक्के झाला. परंतु वसुलीचे स्वरूप जमीनदाराच्या खंडाचेच राहिले. फोनच्या यंत्रणेतील एखादा दोष हेरून हे निर्बंध मोडणे, यालाच जेलब्रेक म्हणतात.

या मार्गाला भवितव्य किती? डिजिटल कुलपे फोडण्यास अमेरिकेने १९९८ च्या कायद्याने मनाई केली. २०१० साली फोनच्या जेलब्रेकला त्यातून सूट मिळाली. मात्र ही सूट दर तीन वर्षांनी नव्याने मंजूर व्हावी लागते, आणि कुलूप फोडण्याचे साधन इतरांना पुरवण्यास ती लागू नाही. म्हणजे निष्णात मनुष्य निसटेल, सामान्य ग्राहक आतच राहील.

शिवाय दोष कोणाशीही इमान राखत नाही. झेरोडियम या कंपनीने २०१५ साली आयफोनमधील अशा दोषांसाठी १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. २०१६ साली संयुक्त अरब अमिरातीतील मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना फसवे संदेश आले. त्यांतील दुवा त्यांनी उघडला असता, तर त्यांच्या नकळत फोनचा जेलब्रेक होऊन पेगासस हे पाळतीचे साधन आत शिरले असते. तेव्हा दोष बुजवणे हे कंपनीचे कर्तव्यच ठरते. आणि दोष बुजला की ग्राहकाच्या सुटकेची वाटही बुजते. भिंतीच्या भगदाडावर स्वातंत्र्य उभे राहू शकत नाही, ते या कारणाने.

सामान्यांच्या सुरक्षिततेसाठी कुलूप हवे, हा कंपन्यांचा युक्तिवाद म्हणूनच खोटा नाही. तो अपुरा आहे. घराला कुलूप असावे, पण किल्ली घरमालकाकडे असावी. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ मध्ये ॲपलला आयफोनवर इतर दुकानांना प्रवेश द्यावा लागला. त्याच वेळी तिने नव्या अटी स्वीकारणाऱ्या ॲपवर, वर्षाकाठी १० लाखांपुढील प्रत्येक स्थापनेमागे अर्धा युरो आकारणी लावली. फाटक उघडले, पण नाक्यावर जकात बसली.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. एकेकट्याने पळून गेल्याने तुरुंग मोडत नाही. विकत घेतलेल्या यंत्राची किल्ली मागताक्षणी ग्राहकाला देणे विक्रेत्यावर कायद्याने बंधनकारक असावे, आणि तिच्या वापरावर कोणतीही पट्टी बसू नये, ही मागणी समाजवादी चळवळीने आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतली पाहिजे. मालकीचा प्रश्न केवळ कारखान्यापुरता नाही; तो आता प्रत्येकाच्या खिशात येऊन पोचला आहे.