विरोधी बाकावरची खुर्ची कुणाच्या मालकीची?

महाडकरांनो, पोलादपूरकरांनो, आणि गावाकडे डोळे लावून मुंबईत राबणाऱ्या चाकरमान्यांनो!

लग्नात नवरा मुलगा रुसला तर त्याची समजूत घालायला अख्खा मांडव धावतो. पण वऱ्हाडात एखादा असा लागतो, जो उठून विचारतो, "हिशेब कुठाय?" तो कुणालाच आवडत नाही. आणि तो नसला की मांडव कोसळतो. राज्याच्या कारभारात या माणसाला विरोधी पक्षनेता म्हणतात. महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्याच माणसाची खुर्ची रिकामी ठेवण्यात आली. आम्ही आज त्या खुर्चीबद्दल बोलणार आहोत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. २८८ जागांपैकी सत्ताधारी महायुतीकडे प्रचंड बहुमत गेले. विरोधात उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवार यांच्या राष्ट्रवादीला १० जागा मिळाल्या. मार्च २०२५ मध्ये गुहागरचे आमदार भास्कर जाधव यांचे नाव विरोधी पक्षनेतेपदासाठी अध्यक्षांकडे गेले. अधिवेशने आली, गेली. निर्णय आला नाही. परिषदेत अंबादास दानवे यांच्याकडे हे पद होते. २९ ऑगस्ट २०२५ ला त्यांची मुदत संपली आणि तीही खुर्ची रिकामी झाली. डिसेंबर २०२५ चे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्यावाचून पार पडले. बहुमताची एवढी ताकद, आणि भीती एका खुर्चीची!

कारण काय सांगितले गेले? म्हणे संख्याबळ नाही. एकूण जागांच्या दहा टक्के, म्हणजे २९ आमदार हवेत. बरे, हे लिहिले आहे कुठे? विरोधी पक्षनेत्याचे वेतन आणि भत्ते ठरवणारा महाराष्ट्राचा कायदा १९७८ चा आहे. त्यात विरोधी पक्षांत संख्येने मोठा असलेल्या आणि अध्यक्षांनी मान्यता दिलेल्या पक्षाचा नेता, एवढीच व्याख्या आहे. दहा टक्क्यांचा दंडक तिथे नाही. दहाचा आकडा लोकसभेच्या जुन्या प्रथेतला आहे.

आणि प्रथाच काढायची, तर महाराष्ट्राची स्वतःची प्रथा काय सांगते? १९६२ मध्ये २६४ जणांच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे अवघे १५ आमदार होते. कृष्णराव धुळूप विरोधी पक्षनेते झाले. १९७२ मध्ये त्याच पक्षाला २७० पैकी ७ जागा मिळाल्या. होय, सात! तरी दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते झाले. १९८५ च्या विधानसभेत शेकापचे १३ आमदार, आणि अलिबागचे दत्ता पाटील त्या पदावर बसले. तेव्हा १९७८ चा कायदा लागू होता बरे का! दि. बा. आणि दत्ता पाटील, दोघेही आपल्या जिल्ह्याचे. कुलाबा म्हणा की रायगड म्हणा, या मातीने सात आणि तेरा माणसांच्या बळावर सरकारला घाम फोडला. महाराष्ट्राबाहेर पाहायचे तर दिल्ली पाहा. २०१५ मध्ये तिथे ७० पैकी ६७ जागा सत्ताधाऱ्यांच्या आणि तीन भाजपच्या. तरीही तिघांमधल्या विजेंद्र गुप्ता यांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता मिळाली. तीन माणसांना जे दिल्लीत मिळाले, ते वीस जणांना मुंबईत का मिळू नये?

आता कुणी म्हणेल, "हे पुढाऱ्यांचे भांडण. आम्हाला घाट चढायचाय, आम्हाला त्याचे काय?" म्हणूनच आम्ही तुम्हाला आधी चवदार तळ्यावर घेऊन जातो.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे महाडचे पोरसुद्धा सांगेल. पण त्या ओंजळीआधी एक ठराव होता. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात तो मांडला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. बोले काही सरकारचे मंत्री नव्हते. ठराव मंजूर झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो मानला, आणि मग कागद कागदच राहिला. तो कागद पाण्यापर्यंत न्यायला हजारो माणसांना चालत जावे लागले. तेव्हा नगरपालिकेचे अध्यक्ष होते सुरबानाना टिपणीस. पुढे १९३७ मध्ये तेच नाना बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कुलाब्यातून विधानसभेत गेले. सत्तेत काँग्रेस होती, बाबासाहेब विरोधी बाकावर. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९३८ च्या जानेवारीत कोकणचा शेतकरी मुंबईच्या विधानसभेवर चालून गेला. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. पण १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा करावाच लागला! विरोधी बाकावरचा शब्द असा असतो. आज फेटाळला जातो, उद्या कायदा होतो.

आणि हा महाराष्ट्र तरी कुणी आणला? १९५७ च्या निवडणुकीनंतर एस. एम. जोशी, आचार्य अत्रे आणि समितीचे आमदार द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत विरोधी बाकांवरच बसले होते. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा समितीची माणसे एकीकडे वाईच्या बाजूने आणि दुसरीकडे पोलादपूरच्या बाजूने काळी निशाणे घेऊन उभी राहिली. अडीच वर्षांत, १ मे १९६० ला, महाराष्ट्र झाला. हे राज्य विरोधी बाकाचे लेकरू आहे. लेकराने आईचीच खुर्ची काढून घ्यावी?

जुने सोडा, कालचे घ्या. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल गेला. दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसे पुराने गिळली. मुंबईत पावसाळी अधिवेशन चालू होते. विरोधकांनी जाब विचारला, आणि मे महिन्यात पुलाची तपासणी होऊन तो वाहतुकीला योग्य ठरला होता, हे सरकारला सांगावे लागले. २२ जुलै २०२१ ला तळियेवर डोंगर उतरला, ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच दिवशी पोलादपुरात केवनाळे आणि साखरच्या सुतारवाडीवरही दरड आली. तेव्हा सरकार दुसऱ्यांचे होते. विधानसभेतले विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस तळियेला आले. परिषदेतले विरोधी पक्षनेते प्रवीण दरेकरही आले. ते तर मूळचे आपल्या पोलादपूर तालुक्यातले. चिखल तुडवत येणारा तो विरोधी पक्षनेता तेव्हा हवाहवासा होता. खुर्ची बदलली म्हणून त्याची गरज संपली काय?

महाड-पोलादपूरला तर ही गरज दुप्पट. आपले आमदार भरत गोगावले डिसेंबर २०२४ मध्ये मंत्री झाले. तालुक्याला मान मिळाला, आम्हाला आनंदच आहे. पण मंत्री हा सरकारचा अवयव. तो सभागृहात उभा राहून सरकारला प्रश्न विचारू शकत नाही. त्याने उत्तरे द्यायची असतात. मग दरडीखालच्या वाड्यांचा प्रश्न आपल्या वतीने विचारायचा कुणी? जानेवारी २०२५ मध्ये रायगडच्या पालकमंत्रिपदावरून महाडजवळ महामार्ग अडवला गेला, टायर जळले. विरोधी पक्षनेतेपदासाठी कुणी सायकलच्या चाकातली हवासुद्धा सोडली नाही!

पण आम्ही एकाच बाजूला झोडपणार नाही. या खुर्चीची अब्रू तिच्यावर बसलेल्यांनीही घालवली आहे. २०१४ मध्ये एकनाथ शिंदे महिनाभरही विरोधी पक्षनेते राहिले नाहीत. पक्ष सरकारात गेला, तेही मंत्री झाले. राधाकृष्ण विखे पाटील २०१९ मध्ये, ज्या सरकारला जाब विचारत होते, त्याच सरकारात मंत्री झाले. अजित पवार यांनी विरोधी पक्षनेते असताना डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्नाचा ठराव का येत नाही म्हणून सरकारला धारेवर धरले, आणि ८६५ गावांचा ठराव एकमताने झाला. पण जुलै २०२३ मध्ये तेही त्या खुर्चीवरून उठले ते थेट उपमुख्यमंत्रिपदावर जाऊन बसले. राखणदारच चोरवाटेने वाड्यात शिरू लागले, तर गाव रात्री झोपायचे कसे? दि. बां.कडे सात आमदार होते, पण त्यांचा दरारा सत्तरांचा होता. नुसती खुर्ची मिळून तो येत नाही.

तरी खुर्ची हवीच. माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत आणि राज्य मानवी हक्क आयोगाच्या निवड समितीत विरोधी पक्षनेत्याला कायद्यानेच जागा आहे. लोकायुक्त नेमतानाही त्याची भूमिका असते. तो नसला तर सरकारवरचा पहारेकरी सरकारच निवडणार. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हा धोका ओळखला. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल, तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता तोच समजावा, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे.

आमची मागणी एवढीच, की हेच वाक्य १९७८ च्या कायद्यात घाला. मुदत घाला. अध्यक्ष आणि सभापतींच्या मर्जीवर ही खुर्ची महिनोन्‌महिने लटकती राहू नये, मग सत्तेवर कुणीही असो. आज जे तिकडे आहेत, ते उद्या इकडे येतील. तेव्हा त्यांनाही हाच कायदा उपयोगी पडेल.

महाडकरांनो, ती खुर्ची ना या पक्षाची, ना त्या पक्षाची. ज्याचा पूल वाहून गेला, ज्याच्या घरावर डोंगर आला, त्याची ती खुर्ची आहे. तळ्याचे पाणी खुले व्हावे, हा ठराव सभागृहात झाला होता; तो खरा करायला माणसे चालत गेली. ही खुर्ची भरायलाही तुम्हालाच विचारावे लागेल. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कुठल्याही निशाणीचा असो, ओटीवर बसवा, पाणी द्या, आणि विचारा, "आमच्या वतीने प्रश्न विचारणारा कुठाय?"