‘दडवलं’ हा शब्द तेवढा काढा

इंदूरच्या आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ एक टेबल मांडलेलं असतं. त्यावर पुठ्ठ्याची पाटी : ‘ग्राहक मार्गदर्शन, विनामूल्य’. टेबलामागे आम्ही तिघं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, कॉम्प्युटर झरझर चालवणारी कॉलेजातली एक मुलगी आणि मी. आमच्यात वकील कुणीच नाही. पण दहा जणांच्या तक्रारी ऐकल्या की अकराव्याची तक्रार ओळखीची वाटू लागते, हा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे. तेवढ्या भांडवलावर आमचं दुकान चालतं!

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका शनिवारी एक काकू आल्या. वय सत्तरीच्या पुढे. हातात कापडी पिशवी. खुर्ची पुढे केली तरी बसेनात.

‘‘तुमचा वेळ घेतेय हो ताई. पैसे मिळणार नाहीत हे ठाऊक आहे मला. मी पैशासाठी आलेच नाही.’’

‘‘मग काय झालं, काकू?’’

त्यांनी पिशवीतून विमा कंपनीचं इंग्रजी पत्र काढलं. यजमानांना हृदयविकाराचा झटका आला होता. नऊ दिवस इस्पितळात काढून ते गेले. बिल झालं १ लाख ८४ हजार. आरोग्य विमा होता, पण कंपनीने दावा नाकारला. कारण? ‘विमेदाराने पॉलिसी घेताना रक्तदाबाचा जुना आजार दडवला.’

‘‘चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं यांनी,’’ काकू म्हणाल्या. ‘‘वाण्याने चार आणे जास्त परत दिले तर उन्हातून परत द्यायला जायचे. आणि हे लोक लिहितात, दडवलं. पैशाचं राहू दे. तो शब्द तेवढा काढायला सांगा त्यांना.’’

क्षणभर आम्हा तिघांनाही काय बोलावं सुचेना. मग काकांनी चष्मा लावला आणि म्हणाले, ‘‘वहिनी, आधी बसा. पिशवीत आणखी काय काय आहे?’’

पिशवीतला बिस्किटांचा डबा

पिशवीत एक जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात मास्तरांनी सगळे कागद तारखेनिशी लावून ठेवलेले : दरवर्षीच्या हप्त्याच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्त तपासणीचे अहवाल. काकांचे डोळे चमकले. पॉलिसी एकही वर्ष न चुकता सलग ११ वर्षं चालू होती. आणि रक्तदाबाच्या गोळीची पहिली चिठ्ठी होती ८ वर्षांपूर्वीची!

म्हणजे पॉलिसी आधीची, आजार नंतरचा. मग कंपनीने ‘जुना आजार’ आणला कुठून? इस्पितळाच्या पहिल्या कागदावर लिहिलेलं होतं, ‘रक्तदाब, १२ वर्षं.’ हे कुणी सांगितलं? काकूंनी मान खाली घातली. भरतीच्या रात्री पुतण्या बरोबर होता. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षांपासून? त्या धावपळीत तो म्हणाला, असतील दहा-बारा. झालं. त्या ‘असतील’चे डॉक्टरांनी लिहिताना पक्के बारा केले, आणि विमा कंपनीने तेच धरून ठेवलं.

वाचकहो, ही गोष्ट आजच घरात सगळ्यांना सांगून ठेवा. इस्पितळात भरती करताना डॉक्टरांपासून काहीही लपवू नका, पण अंदाजाने वर्षंही ठोकून देऊ नका. नक्की माहीत नसेल तर ‘नक्की माहीत नाही, जुने कागद आणून दाखवतो’ असं सांगा. भरतीच्या कागदावरची ती एक ओळ पुढे फार महाग पडू शकते. घरातल्या प्रत्येकाच्या आजाराची आणि औषधांची सुरुवात कधी झाली हे एका चिठ्ठीवर लिहून विम्याच्या कार्डाबरोबर ठेवलं तर उत्तम.

आणखी एक नियम काकूंच्या बाजूने होता. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे आरोग्य विमा सलग ६० महिने चालू राहिला, की त्यानंतर ‘माहिती दिली नाही’ किंवा ‘चुकीची दिली’ या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच अपवाद. (विम्याची रक्कम मध्येच वाढवली असेल, तर वाढीव रकमेपुरती ही मुदत वाढवल्या तारखेपासून मोजतात.) मास्तरांची पॉलिसी ११ वर्षांची, रक्कमही पहिल्यापासून तेवढीच. म्हणून तर म्हणतात, हप्ता चुकवू नका. एक वर्ष खंड पडला की वर्षानुवर्षांची पुण्याई जाते.

एका पानाचं पत्र

लोकांना वाटतं तक्रार म्हणजे संताप. आम्हाला येणारी बहुतेक पत्रं चार-चार पानांची असतात. त्यात दुकानदाराचा उर्मटपणा असतो, देशाच्या अधोगतीवर भाष्य असतं. फक्त बिलाचा नंबर आणि तारीख नसते! आम्ही काय करतो, ते सगळं बाजूला ठेवून एक पान लिहितो. त्यात चारच गोष्टी. काय घेतलं आणि कधी. काय बिघडलं आणि कधी. सोबत कोणते कागद जोडले. आणि शेवटी, तुम्हाला नेमकं काय हवं आहे व किती दिवसांत. मूळ कागद कधीही पाठवायचे नाहीत, फक्त प्रती. पत्र स्पीड पोस्टाने किंवा ई-मेलने, म्हणजे पाठवल्याचा पुरावा राहतो.

काकूंचं पत्र त्या मुलीने हिंदीत टाइप केलं. शेवटी दोन मागण्या. दाव्याची रक्कम द्यावी. आणि माहिती दडवल्याचा आरोप मागे घ्यावा. दुसरी मागणी लिहिताना काका कुरकुरले, ‘‘असं कुणी मागत नाही.’’ काकू म्हणाल्या, ‘‘मी मागतेय ना!’’ काकांनी मुकाट्याने मान डोलावली.

हे पत्र आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेलं. ही पायरी ओलांडून पुढे जाता येत नाही. कंपनीने एक महिन्यात उत्तर दिलं नाही, किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत. तिथे फी नाही, वकिलाची गरज नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचं प्रकरण चालतं.

महिना झाला. कंपनीचं उत्तर आलं नाही. आमच्या भागाचे लोकपाल भोपाळला बसतात. तिकडे अर्ज गेला.

रोजचीच दुखणी

मधल्या काळात टेबल काही थांबलं नव्हतं. तुमच्याही घरी उपयोगी पडतील अशा रोजच्या चार तक्रारी सांगते.

एक वहिनी नवी इस्त्री घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी बंद पडली. दुकानदार पाटीकडे बोट दाखवतो : ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ही पाटी लावली म्हणजे कायदा बदलत नाही! ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.

दुसरी तक्रार थंड पेयाची. दुकानदार छापील किमतीवर ‘गार करण्याचे’ दोन रुपये जास्त घेतो. बाटलीवरच्या कमाल किरकोळ किमतीत सगळे कर धरलेले असतात. दुकानात त्याहून एक पैसाही जास्त मागता येत नाही. याची तक्रार वजनमापे खात्याकडे करता येते.

तिसरी तक्रार हल्ली दर शनिवारी येते : फोनवर कुणी तरी गोड बोललं आणि खात्यातले पैसे गेले. इथे शनिवारची वाटच बघू नका. ताबडतोब १९३० हा नंबर फिरवा, बँकेला कळवून खातं आणि कार्ड बंद करायला सांगा, आणि लेखी तक्रार त्याच दिवशी द्या. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता आले तर परत मिळण्याची आशा असते. इथे एकेका तासाची किंमत आहे. लाजेपायी दोन दिवस घरात न सांगणारी माणसं सगळ्यात जास्त गमावतात.

चौथी तक्रार, ‘हेल्पलाइनला फोन केला, पण पुढे काय?’ राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मराठीतही बोलता येतं. ते कंपनीकडे तक्रार पोहोचवतात, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तू-सेवांचं प्रकरण तिथे चालतं आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असली म्हणून बंगळुरूला जायला नको. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. फक्त दोन वर्षांची मुदत विसरू नका.

ती मुदत आठवली की मला एक मुलगा आठवतो. कोचिंग क्लासने फी परत करतो, करतो म्हणून झुलवत ठेवलं. हा बिचारा आशेवर राहिला. सगळा व्यवहार रोखीत, पावती एकाच हप्त्याची. आमच्याकडे आला तेव्हा अडीच वर्षं उलटली होती. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, पण त्याला सबळ कारण लागतं आणि ते त्याच्यापाशी नव्हतं. आम्ही त्याला चहा पाजला, बाकी काही करू शकलो नाही. त्याच्या आईने बांगड्या मोडून ती फी भरली होती. तेव्हापासून आम्ही पाटीवर खाली एक ओळ लिहिली आहे : ‘लवकर या.’

सुनावणीचा दिवस

काकूंची सुनावणी व्हिडिओवर झाली. वाचनालयातल्याच कॉम्प्युटरवर. काकू ठेवणीतलं पातळ नेसून आल्या होत्या. पुतण्याही आला, त्याने आपण त्या रात्री अंदाजाने सांगितल्याचं लेखी दिलं होतं. कंपनीचा अधिकारी इस्पितळाच्या कागदावर बोट ठेवून बोलला. काकूंनी आठ वर्षांपूर्वीची चिठ्ठी पडद्यासमोर धरली. हात थरथरत होता, म्हणून मुलीने खालून हलकेच आधार दिला.

काही आठवड्यांनी निवाडा आला. दावा मंजूर. निवाडा मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने तो पाळायचा असतो, त्याप्रमाणे पैसेही जमा झाले. काकू शनिवारी पेढे घेऊन आल्या. पण पैशाचा विषय त्यांनी काढलाच नाही. निवाड्याचा कागद उलगडून म्हणाल्या, ‘‘ताई, ती ओळ कुठली ते दाखवा ना.’’

मी दाखवली. ‘विमेदाराने माहिती दडवल्याचे सिद्ध होत नाही.’ काकूंनी पर्समधून पेन्सिल काढली आणि त्या ओळीखाली हलकी रेघ ओढली. मास्तर वह्या तपासताना ओढत असतील, तशी. मग कागद नीट घडी करून बिस्किटांच्या डब्यात ठेवला. सगळ्यात वर.

सगळ्याच तक्रारींचा शेवट असा होत नाही. काही वेळा कंपनीचंच बरोबर असतं, आणि ते आलेल्या माणसाला स्पष्ट सांगणं हेही आमचं काम. पण बहुतेक माणसं हरतात ती कायदा विरुद्ध असतो म्हणून नाही. कागद सापडत नाहीत, मुदत निघून जाते, आणि ‘आपल्यासारख्याचं कोण ऐकणार’ म्हणून आधीच हात टेकतात, म्हणून हरतात.

१९६६ मध्ये मुंबईत नऊ गृहिणींनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशात ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा झाला तो १९८६ मध्ये. म्हणजे आधी माणसं जमली, कायदा मागाहून आला. तुमच्या गावात असं टेबल नसेल, तर वाचनालय, महाराष्ट्र मंडळ, सोसायटीचं कार्यालय, कुठेही मांडता येईल. आठवड्याचे दोन तास, दोन-तीन माणसं आणि ऐकून घेण्याची तयारी एवढं पुरतं.

आणि हो, आज रात्री जेवणं झाली की घरातला एक रिकामा डबा शोधा. बिलं, पावत्या, हमीपत्रं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेप्रमाणे त्यात लावायला घ्या. डबा बिस्किटांचा असला तरी चालेल!