मतदार यादीबाहेरचा मुलूख

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी राजुरा मतदारसंघात नवमतदार नोंदणीसाठी सुमारे साडेसात हजार अर्ज आले. त्यांपैकी साडेसहा हजारांहून अधिक अर्ज छाननीत अवैध ठरले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. पुढे या जागेचा निकाल सुमारे तीन हजार मतांच्या फरकाने लागला. त्यामुळे सप्टेंबर २०२५ मध्ये राहुल गांधी यांनी राजुऱ्याचे नाव घेऊन बनावट मतदारांचा आरोप केला, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाचा हा डोंगराळ मतदारसंघ देशभर चर्चेत आला. ते अर्ज फेटाळलेच होते, असे निवडणूक यंत्रणेचे उत्तर आहे. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु यादीत नाव घुसविले गेल्याची ही तक्रार ज्या भागातून आली, त्या भागाचा मतदानाचा इतिहास मुख्यतः नावे न लागल्याचा आहे, ही गोष्ट या गदारोळात मागे पडली.

आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. ब्रिटिश अमदानीत हा मध्य प्रांतातील चांदा जिल्हा. १९१९ च्या कायद्यानुसार प्रांतिक विधान परिषदेचे मतदारसंघ आखले गेले, तेव्हा मध्य प्रांतातील अनेक जमीनदाऱ्या त्यांतून वगळण्यात आल्या. तेथील प्रजेच्या वतीने बोलण्यासाठी सरकारनेच एक सदस्य नेमावा, अशी तजवीज होती. इतरत्र मत होते तेही ठरावीक सारा, खंड वा कर भरणाऱ्यांना. प्रांताच्या परिषदेने १९२७ मध्ये स्त्रियांवरील बंदी उठविली खरी. पण मालमत्तेची अट तशीच राहिल्याने तिचा लाभ मूठभर घरांपुरता होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांचीही गत हीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. ज्यांना मालमत्ता मिळवू दिली जात नाही, त्यांच्यापुढे मालमत्तेची अट ठेवणे म्हणजे दार बंद करणेच होय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता.

१९३५ च्या कायद्याने मतदारांची संख्या वाढली. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांच्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे तीन कोटी मतदार होते. चांद्याच्या जंगलपट्टीसाठी मात्र याच कायद्याखाली १९३६ मध्ये एक वेगळा आदेश निघाला. सिरोंचा तहसिलीतील अहेरी जमीनदारी आणि गडचिरोली तहसिलीतील धानोरा, दुधमाळा, खुटगाव, मुरुमगाव, रांगी, पोटेगाव आदी जमीनदाऱ्या ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ म्हणून जाहीर झाल्या. प्रांताच्या विधानसभेने केलेला कायदा गव्हर्नरने तसा हुकूम काढल्याखेरीज तेथे लागू होत नसे. म्हणजे ज्याला मत होते, त्याच्या मताने निवडलेल्या सभेचा शब्दही त्याच्या गावाच्या वेशीवर थांबे. आणि मत होते तरी किती जणांना? जंगलात फिरती शेती करणाऱ्या माडिया कुटुंबाच्या नावे ना सातबारा, ना साऱ्याची पावती. कायद्यात कोठेही ‘आदिवासींना मत नाही’ असे लिहिलेले नव्हते. तसे लिहिण्याची गरजच नव्हती.

आदिवासी समाजाच्या संरक्षणासाठी हे मुलूख वेगळे ठेवले, असे समर्थन तेव्हा दिले जाई. सावकार आणि कंत्राटदार पाहता त्यात तथ्य नव्हते असे नाही. तथापि ज्यांचे संरक्षण करायचे, त्यांना कोणी विचारले नाही. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने हा क्रम उलटविला: कायदे सर्वत्र लागू, आणि राज्यपालांनी ठरविल्यास अनुसूचित क्षेत्रात अपवाद.

राजुऱ्याची कथा याहून निराळी. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे १९३७ ची निवडणूक चांद्यात झाली, तेव्हा तेथील लोक निजामाची प्रजा होते.

घटनेच्या ३२६ व्या कलमाने सारा, शिक्षण, लिंग, जात या साऱ्या अटी एका फटक्यात पुसल्या. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी देशात १७ कोटी ३० लाख नावे नोंदली गेली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. त्या बहुतांशी उत्तरेकडील राज्यांतल्या होत्या. मात्र हक्क कायद्यात असून यादीत नसणे, ही नवी अडचण तेव्हाच दिसून आली. ती आजतागायत संपलेली नाही.

गडचिरोलीत तिच्यात भीतीची भर पडली. माओवाद्यांच्या बहिष्काराच्या हाकेमुळे अनेक दुर्गम गावांत बोटाला लागलेली शाई हाच धोका ठरे. मतदान केंद्रे सुरक्षित गावी हलवली जात आणि मतदाराला डोंगर-नाले ओलांडून तेथवर चालत जावे लागे. ग्रामपंचायतींच्या कित्येक जागा अर्जच न आल्याने रिक्त राहिल्या. अशा जिल्ह्याचा समावेश असलेल्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात १९ एप्रिल २०२४ रोजी सुमारे ७२ टक्के मतदान झाले. राज्यात त्या टप्प्यात मतदान झालेल्या पाच मतदारसंघांत हे सर्वाधिक होते. मुंबई-पुण्याच्या मतदारांनी अंतर्मुख व्हावे असाच हा आकडा. पण टक्केवारी यादीतील नावांवर काढली जाते. यादीबाहेरचा माणूस कोणत्याच टक्केवारीत येत नाही. शिवाय मार्च-एप्रिल हे मोहफुलांचे दिवस, पुढे तेंदूपत्ता, आणि मिरची तोडणीसाठी तेलंगणात गेलेली कुटुंबे. तात्पुरत्या स्थलांतराने नाव वगळता येत नाही असे कायदा सांगतो. मत देण्यासाठी मात्र मजुरी बुडवून परत यावे लागते.

आणखी एक गट पूर्णतः बाहेर आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६२ व्या कलमानुसार तुरुंगातील व्यक्तीला मतदान करता येत नाही. यात आरोप सिद्ध न झालेला कच्चा कैदीही आला. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता हा तेवढा अपवाद. २०१३ च्या दुरुस्तीनंतर हाच कच्चा कैदी निवडणूक लढवू शकतो, पण स्वतःला मत देऊ शकत नाही. माओवादाच्या आरोपाखाली जामिनाविना राहिलेल्या तरुणांमुळे गडचिरोलीत ही विसंगती केवळ कायद्याच्या पुस्तकातली नाही.

याच्या अगदी उलट टोकाला जिवती तालुक्यातील सीमावर्ती चौदा गावे आहेत. महाराजगुडा, मुकादमगुडा, परमडोली, अंतापूर आदी गावांवर महाराष्ट्र व तेलंगण दोघेही हक्क सांगत आले. म्हणून तेथे दोन शाळा, दोन शिधापत्रिका आणि दोन मतदार ओळखपत्रे. एकाहून अधिक मतदारसंघांत नोंदणी कायद्याला मान्य नाही. पण येथे नोंदणी करणारी शासनेच दोन. ११ एप्रिल २०१९ रोजी तर चंद्रपूर आणि आदिलाबाद या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान होते. जुलै २०२५ मध्ये ही गावे महाराष्ट्रात पूर्णतः समाविष्ट करण्याची प्रक्रिया राज्य सरकारने जाहीर केली. दोन मतांचे हे गावकरी वर्षानुवर्षे मागतात ते जमिनीचे पट्टे.

आता प्रश्न आहे तो मतदार याद्यांच्या विशेष सखोल फेरतपासणीचा. २०२५ मध्ये बिहारमध्ये ती झाली, तेव्हा आयोगाने ग्राह्य धरलेल्या अकरा कागदपत्रांत वनहक्क प्रमाणपत्राचाही समावेश होता. नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ओळखीपुरते आधार जोडले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यातील बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत महाराष्ट्र नव्हता.

वनहक्क प्रमाणपत्र चालणार असेल, तर गडचिरोलीतील अनेक आदिवासी कुटुंबांना त्याचा आधार आहे. जिवतीच्या पहाडावर चित्र वेगळे आहे. मराठवाड्यातून दुष्काळात येऊन वसलेली बिगरआदिवासी कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने आहेत. वनहक्क कायदा त्यांच्याकडे १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतो. हा प्रश्न ग्रामसभेपर्यंतही जातो. वनहक्क कायद्याच्या ग्रामसभेत गावातील सर्व प्रौढ येतात. पेसा कायद्याच्या ग्रामसभेत पंचायतीच्या मतदार यादीत नाव असणारेच. म्हणजे अनुसूचित क्षेत्रात यादीतून नाव गेले, की गौण वनोपज, तळी आणि गौण खनिजांबाबत पेसाखाली होणाऱ्या ठरावावर हात वर करण्याचा अधिकारही त्याच दिवशी जातो.